दुपारची बरकत

"पुन्हा नंबर घालवला भाईनं. भजे खाल्लेल्या हातानं माऊस धरते अन् पुन्हा घालवते."

इकरा हे मला सांगत नव्हती. तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसून ती ओढणीच्या टोकानं माऊस पुसत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती. पण सितारा सायबर कॅफे म्हणजे काही महाल नव्हता. माझं काउंटर आणि तिची खुर्ची यांच्यामधून कोणी आडवं गेलं तर दोघींनाही पाय वर घ्यावे लागत. मला सगळं ऐकू आलं.

"किती?" मी विचारलं.

"एकोणीस."

"काल तर बारा होता."

"काल दुपारी बारा होता, मावशी. मग संध्याकाळ झाली ना."

संध्याकाळ झाली म्हणजे तिचा मोठा भाऊ जुबेर खेळायला बसला. एवढंच. याहून जास्त ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. सिताऱ्यात त्या विषयावर कोणीच याहून जास्त बोलत नसे.

कॅफे जलालुद्दीनभाऊंचा, म्हणजे इकराच्या वडिलांचा. आधी तिथं एसटीडीचा बूथ होता. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांवरची बाहेरगावची माणसं रात्री गावाकडे फोन लावायला रांग लावत. मग सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले, बूथ ओस पडला आणि भाऊंनी सहा कॉम्प्युटर टाकले. दुकानामागेच घर, मध्ये एक हिरवा पडदा. दुपारी दोन ते चार बायकामुलींचा वेळ, तेव्हा पुरुषांना बंदी. त्या वेळेला काउंटरवर बाईमाणूसच हवं, म्हणून भाऊंनी मला बसवलं. मला कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही. मी तो बिघडवत बिघडवत शिकले. भाऊ म्हणत, "रंभाबाई, तुम्ही जेवढं बिघडवलं तेवढं दुरुस्त करणं मी शिकलो." म्हणजे शिक्षण दोघांचंही झालं.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. त्या वेळी इंटरनेटवर 'कॅरम अड्डा' म्हणून एक खेळ होता. समोरचा माणूस कुठेही असो, सोलापूरला, कानपूरला, हैदराबादला, तुम्ही माऊसनं स्ट्रायकर मारायचा, मग त्यानं मारायचा. आणि त्या खेळात एक पान होतं, पहिल्या शंभर खेळाडूंचं. सिताऱ्यात त्याला पाटी म्हणत. कोण कितवा, किती डाव जिंकला, किती हरला, राणी घेतल्यावर किती वेळा कव्हर केली, सगळं पाटीवर.

न खेळणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. मलाही वाटायचा. मग पाहिलं, की ज्याचं नाव पाटीवर नाही त्याच्याशी तिथं कोणी खेळतच नाही. विनंती पाठवून बसा ताटकळत. नाव शंभरात आलं की माणसं हाक मारतात. पन्नासात आलं की नमस्कार करतात. आणि पहिल्या दहात आलं की सोलापूरचा कोणी वकील स्वतःचा डाव सोडून तुमचा डाव पाहत बसतो आणि खाली लिहितो, "वा! तो कट कसा मारला, जरा सांगाल का?" आमच्या गावाला याआधी कोणी काही विचारलं असेल तर सिमेंटचा भाव. आता कानपूरचा माणूस विचारायला लागला, "गडचांदूर कहाँ है?" त्या एका प्रश्नावर इथली मंडळी आठवडाभर छाती काढून हिंडली.

कारण पाटीवर नाव होतं 'गडचांदूर किंग'. एका माणसाचं नव्हतं ते, दुकानाचं होतं. जलालुद्दीनभाऊ जुने कॅरमवाले, बाजार चौकातल्या क्लबात वाढलेले. क्लबात स्पर्धेला कोणीही खेळो, फळ्यावर नाव क्लबाचं लागे. जिंकला तर क्लब, हरला तर तू. भाऊंनी तीच रीत इंटरनेटवर आणली. एकच नाव, एकच पासवर्ड, जो येईल तो त्याच नावानं खेळेल. बाकी जगात प्रत्येकाचं आपलं नाव, आपला नंबर. आमच्याकडे सामायिक, विहिरीसारखा.

आणि विहिरीत पाणी कुठून येतं ते सगळ्यांना माहीत होतं.

इकरा लहानपणी वडिलांचा चहाचा थर्मास घेऊन क्लबात जायची आणि खिडकीला नाक लावून तासभर उभी राहायची. अंगावर ओढणी आली आणि थर्मास तिच्या हातून काढून घेतला. त्यानंतर तिनं खरा बोर्ड पाहिला नाही. बारावी झाली, पुढे कॉलेजला राजुऱ्याला जायचं की नाही यावर घरात दोन वर्षं विचार चालू होता. तोवर ती दुपारी तीन नंबरवर बसली. बसली ती अशी, की शंभराच्या बाहेरचं नाव पावसाळा संपेपर्यंत चौथ्या नंबरवर.

चौथा! पाटीवर वर फक्त तीन माणसं. मी तिला खेळताना पाहिलंय. स्ट्रायकर सोडण्याआधी ती श्वास रोखायची आणि सोंगटी गेली की हसायची नाही, फक्त पायाचा अंगठा वाकवायची. आमच्या गावात पोरीची मोजदाद रोज होते. रंग किती उजळ, पोळी किती गोल, घरी किती वाजता आली. यातलं काहीच तिच्या हातात नसतं आणि पोळी गोल झाली तरी कोणी नंबर देत नाही. ही पहिली मोजदाद, जी तिनं खेळून मिळवली होती. मला तिचा हेवाही वाटायचा थोडा, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मंडळी यायची. खाणीवरून निवृत्त झालेले मुकादम दसरूभाऊ पाटी उघडायचे, नंबर वर गेलेला पाहायचे आणि म्हणायचे, "दुपारी बरकत असते लाईनीत. गर्दी कमी राह्यते ना."

"हो, दुपारची बरकत," बाकीचे म्हणायचे.

बरकत! सहा कॉम्प्युटरच्या दुकानात दुपारी एकच मुलगी खेळते, नंबर दुपारीच चढतो आणि संध्याकाळी घसरतो, हे न कळायला कोणी आंधळं नव्हतं. पण पोरगी बिनओळखीच्या पुरुषांशी खेळते, हे एकदा तोंडातून निघालं की मग ते थांबवावं लागलं असतं. थांबवलं तर नंबर गेला असता. म्हणून बरकत. देवाचं नाव घेऊन केवढी सोय करून घेतात माणसं!

दिवाळी उलटली आणि अड्ड्यावाल्यांकडून मेल आला. पहिल्या पंचवीसांना नागपूरला बोलावलं होतं. एकाच हॉलात बसून, समोरासमोर, सगळ्यांनी खेळायचं. शनिवारच्या पाटीवर जो पंचविसात असेल तो येईल, फक्त आदल्या रात्रीपर्यंत त्यानं लॉगिन करून होकार कळवायचा.

'गडचांदूर किंग' म्हणून जुबेर जाणार हे कोणी ठरवलं, मला सांगता येणार नाही. बैठक झाली नाही, मत घेतलं नाही. पाणी उताराकडे जातं तसं ते त्याच्याकडे गेलं. ट्रान्सपोर्टवाल्यांचा प्रणित, जुबेरचा दोस्त, त्यानं दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लावला. जुबेरचा काळा चष्मा घातलेला फोटो, डोक्यावर मुकुट, बाजूला वाघ, आणि खाली शुभेच्छुकांचे एवढे चेहरे की वाघालाही जागा पुरली नाही. कॅरमचा बोर्ड मात्र कुठेच नव्हता.

जुबेर वाईट पोरगा नव्हे. मोबाईल दुरुस्तीत त्याचा हात चांगला आणि मला कधी उलटून बोलला नाही. पण कॅरम म्हणाल तर तो सोंगटीवर राग काढतो. जोरात मारतो. आता मुकुट घातल्यावर सराव करणं भाग होतं. तो रोज संध्याकाळी बसायचा, मागे मंडळी उभी राहायची, आणि चौथा नंबर आधी आठवा झाला, मग बारावा, मग एकोणीस.

त्या दिवशी इकरा माऊस पुसून बसली ती साडेतीनपर्यंत हलली नाही. नंबर अकरावर आणला. तेवढ्यात पडदा सरकला आणि शहजादीभाभी, तिची आई, वाटीत शेवया घेऊन आली. ते लोक घरात त्यांची हिंदी बोलत, दुकानात आमची मराठी. भांडणाला मात्र दोन्ही भाषा चालत.

"खा बेटा," भाभी म्हणाली. कॉम्प्युटरकडे पाहून हळूच विचारलं, "कितवा आला?"

"अकरा."

"बस, शनिवारपर्यंत असंच थोडं बसत जा. भाईचा नंबर सांभाळ. चौकात फोटो लागला त्याचा, इज्जतीचा सवाल आहे."

इकरानं चमचा वाटीत ठेवला. "अम्मी, भाईचा नंबर कोणता?"

"अगं, तोच. अकरा."

"अकरा मी आत्ता केला."

"हां तर, त्याच्यासाठीच ना," भाभी म्हणाली आणि माझ्याकडे पाहून असं हसली की जणू पोरगी बाळबोध प्रश्न विचारत होती. माझ्या डोक्यात सणक गेली. दुपारभर पोरीनं भरायचं, संध्याकाळी पोरानं सांडायचं, आणि फोटो सांडणाऱ्याचा!

दुसऱ्या दिवशी इकरानं बापाला विचारलं. मी तिथंच होते. भाऊ स्टॅबिलायझरवर फडकं मारत होते.

"अब्बा, नागपूरले मी बी येऊ? भाईसोबत. मी बसते, तो बाजूले उभा राहील."

भाऊंनी फडकं झटकलं. पुन्हा तोच स्टॅबिलायझर पुसला. "तिथी एसी हॉल असते बेटा. तुले सर्दी होते."

"नाई होत."

"होते. मागच्या साली झाली होती ना?" आणि माझ्याकडे वळून, "रंभाबाई, चहा घेता का?"

नाही म्हणाले असते तर तिला भांडता आलं असतं. सर्दीशी काय भांडणार? मी म्हटलं, "भाऊ, स्वेटर मिळते बाजारात." भाऊंना ते ऐकू गेलं नाही. त्यांना तेव्हा काहीच ऐकू जायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी जुबेर चोविसावर उतरला. गुरुवार होता. शुक्रवारी दुपारी इकरा आली ती थेट पाटी उघडून बसली. चोवीस पाहिलं. खेळली नाही. दोनचार पानं उघडली, काहीतरी टाइप केलं, पुन्हा तेच टाइप केलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"काय केलं ग?"

"कुलूप लावलं," ती म्हणाली. "आता पंचवीसच्या खाली जाणार नाई. वर बी जाणार नाई. जितका आहे तितका माहा आहे."

मी रोज चारला घरी जायचे. त्या दिवशी गेले नाही. काउंटरखालच्या फायली उगाच वर काढल्या, पुन्हा खाली ठेवल्या.

सात वाजता मंडळी जमली. जुबेरनं पासवर्ड टाकला. चुकला म्हणून आलं. पुन्हा टाकला. मग प्रणितनं त्याला उठवून स्वतः टाकला, जणू कॉम्प्युटर त्याच्या बापाच्या ट्रकांना घाबरून उघडेल.

"हॅक झालं!" प्रणित ओरडला. "भाऊ, आपला किंग हॅक झाला!"

"कराचीवाले," दसरूभाऊ म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? वर चढलेलं पाह्यवत नाई त्याइले."

"कराचीवाले कशाला, तो सोलापूरचा वकील असन. लय विचारत होता कट कसा मारता, कट कसा मारता." मागून कोणी म्हणालं.

"भाऊ, मी नागपूरले फोन लावला होता. ते म्हणते आज रात्री आठच्या आत किंगनं स्वतः लॉगिन करून हो म्हणावं, नाईतर सव्विसावा घेतो. आठ!" प्रणितनं घड्याळ सगळ्यांच्या नाकासमोर फिरवलं. "चौकात फ्लेक्स लागला आहे. मी तोंड कुठी दाखवू?"

"फ्लेक्सवर तुझं तोंड आहेच की," मी म्हटलं, "खालून तिसरं."

दसरूभाऊ हसले आणि लगेच खोकल्यात लपले. प्रणित माझ्याकडे वळला. "रंभाबाई, दुपारी तुम्ही होता ना इथी? तीन नंबरवर कोण बसलं होतं?"

दसरूभाऊ जमिनीकडे पाहायला लागले. भाऊ स्टॅबिलायझरकडे. उत्तर सगळ्यांच्या तोंडाशी होतं आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं, खरं म्हणजे कोणाच्याच नको होतं. मला इतका संताप आला की हातातली फाइल खाली ठेवावी लागली.

"बरकत बसली होती," मी म्हटलं. "रोज बसते. तिलेच विचारा."

भाऊंची मान खाली गेली. मग त्यांनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "इकरा!"

ती आली. मागून भाभी आली. पुरुषांच्या वेळेत इकरा दुकानात उभी आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं. मंडळी जरा मागे सरकली, कोणी खिशात हात घातले, कोणी काढले.

"पासवर्ड दे," भाऊ म्हणाले. आवाज नरम होता.

"कोणाचा?"

"दुकानाचा."

"दुकान खेळते काय अब्बा?"

"भाऊ, पोरगी उलटं बोलून राह्यली," प्रणित म्हणाला.

"तू गप बस प्रणित!" इकरा त्याच्यावर अशी फिरली की तो खुर्चीला अडखळला. "तू पावसाळाभर माहा नंबर पाहून चहा पेला इथी. एकदा तरी डाव जिंकला काय? एक? सांग ना!"

"इकरा!" भाऊंचा आवाज आता नरम राहिला नव्हता. "पासवर्ड दे म्हटलं ना!"

"नाई देत."

"बेटी, दे दे," भाभी तिचा दंड धरून म्हणाली. "बाद में देखेंगे. भाई की इज्जत का सवाल है."

"भाई की इज्जत, दुकान की इज्जत, गाव की इज्जत," इकरानं दंड सोडवून घेतला. "मेरे हाथ की कुछ है के नहीं, अम्मी?"

भाऊंनी हात वर केला. पोरीवर त्यांनी आजवर हात उचलला नव्हता. उचलला तो तसाच हवेत राहिला, कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. इकरा हलली नाही. डोळे मिटले नाहीत. मी काउंटर ओलांडून मध्ये आले होते, कशी आले ते मला आठवत नाही.

"साडेसात झाले," प्रणित हळूच म्हणाला. "जुबेर, तू तरी बोल ना बे. तुही बहीण आहे, समजव तिले. उद्या काय सांगू मी चौकात? किंग कोण आहे? तू आहे ना?"

जुबेर इतका वेळ तीन नंबरच्या खुर्चीला टेकून उभा होता. प्रणितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तसा त्यानं तो झटकून टाकला. इतक्या जोरात, की कीबोर्ड खाली लोंबकळला.

"मी नाई!" तो ओरडला. आवाज फाटला. "मी नाई किंग, मी कधीच नव्हतो! मले कॅरम येत नाई. मी पंधरा दिवसांपासून हरून राह्यलो अन् तुम्ही मागं उभे राहून 'लाईन खराब आहे', 'लाईन खराब आहे' म्हणता. लाईन बरोबर आहे! दुपारी बी हीच लाईन असते!"

"जुबेर—" भाऊ म्हणाले.

"नाई अब्बा, आता बोलू द्या. चौथा नंबर इकरानं आणला. एकटीनं. तुमाले माहीत होतं, अम्मीले माहीत होतं, दसरूभाऊले माहीत होतं, या फ्लेक्सवाल्याले बी माहीत होतं. सगळ्याइले तिचा नंबर पाहिजे होता. ती कोणालेच नको होती. मले बी." आणि त्यानं तीन नंबरची खुर्ची इकराकडे वळवली.